डासाच्या गाडीचा मडगार्ड

त्याला सगळे डास म्हणायचे. सकाळी उजाडता उजाडता लोकांच्या दारात उभं राहायचं, दंडाला पट्टा बांधायचा, रक्त काढायचं आणि लॅबमध्ये नेऊन द्यायचं, असला धंदा करणाऱ्या माणसाला दुसरं कुठलं नाव मिळणार होतं? बेल वाजली की आतून पोरं ओरडायची, "आई, डास आला," आणि आया ओशाळून त्यांना गप्प करायच्या. त्याला मात्र त्या नावाचा राग नव्हता. उलट तो म्हणायचा, खरा डास चावला की खाज तरी येते, मी चावलो तर तेवढीही येत नाही. हे खरंच होतं. त्याचा हात हलका होता आणि त्याला स्वतःलाही ते चांगलं ठाऊक होतं.

ज्यांची शीर पटकन सापडत नाही अशी माणसं दर गल्लीत एखाददुसरी असतातच. त्यांना सुई टोचण्यापेक्षा ती आत शीर शोधत फिरते त्याची धास्ती जास्त असते. अशा माणसांच्या नळ्या डास बाकीच्यांबरोबर थर्माकोलच्या डब्यात ठेवत नसे. बॅगेच्या मागच्या कप्प्यात त्या वेगळ्या ठेवायच्या आणि लॅबमधल्या ताईंच्या हातात नेऊन द्यायच्या, ही त्याची पद्धत. "ताई, या जरा जपून," तो सांगायचा, "पुन्हा टोचायची वेळ आणू नका त्यांच्यावर." हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानंच काढलेली रीत होती आणि तिचा त्याला मनातून अभिमान होता. पुढे जे झालं ते याच रीतीतून झालं, आणि म्हणूनच ते त्याला जास्त लागलं.

सगळं सुरू झालं मेव्हण्यापासून. मेव्हणा नवी मोटरसायकल घेऊन आला होता, मागून अशी तुकतुकीत कापलेली की चाक उघडं आणि शेपूट वर. आपली गाडी दाखवून झाल्यावर त्यानं डासाच्या गाडीकडे मोर्चा वळवला. ही गाडी दोन मालकांच्या हाताखालून गेलेली, तिचा मागचा मडगार्ड लांबलचक, पार चाकाच्या मध्यापर्यंत उतरलेला. मेव्हणा तिच्याभोवती फिरला, मागे उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊजी, राग मानू नका, पण मागून ही अगदी बदकासारखी दिसते."

डास हसला. पण बोलणं जिव्हारी लागलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याला रस्त्यात दुसरं काही दिसेना. सिग्नलला थांबला की पुढच्या गाड्यांचे मडगार्ड बघायचा, कोणाचा आखूड, कोणाचा लांब, कोणाची नंबरप्लेट कुठे. चाळिशी जवळ आलेला, दोन लेकरांचा बाप, लोकांच्या शिरा शोधणारा माणूस, आणि डोक्यात किडा वळवळतोय तो कशाचा, तर गाडीच्या शेपटीचा.

गॅरेजवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून त्यानं हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं. परवडणारं एकच गॅरेज उरलं होतं, घराची गॅलरी. एका सुट्टीच्या सकाळी त्यानं तिथं वर्तमानपत्रं अंथरली, बायकोचा भांडी घासायचा पाट ओढला आणि पाने फिरवून मडगार्ड गाडीवरून उतरवून वर आणला. बायको दारात उभी राहून बघत होती.

"हा कापला तर चिखल कुठे जाणार?" तिनं विचारलं.

"मागे जाईल. आपण पुढे बसतो ना?"

ती नुसती पाटाकडे बघून आत गेली. पाट तिचा होता.

काम मात्र त्यानं मन लावून केलं, हे मान्य करायला हवं. बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आधी साचा केला, तो मडगार्डवर धरून चिकटपट्टीनं रेघ आखली, दोन्ही बाजूंना सारखं येतंय ना ते दोऱ्यानं मोजलं. मग करवतीचं पातं. प्लास्टिक कापताना त्याचा भुसा गरम होऊन पुन्हा चिकटत होता, म्हणून मध्येच थांबून पाणी सोडायचं आणि पुन्हा चालवायचं. कड कानशीनं घासली, मग पॉलिश पेपरनं. नंबरप्लेट आणि मागचा दिवा लावायला काही तरी हवं होतं, तर जुन्या कपाटाच्या फळीखालची लोखंडी पट्टी सापडली. ती उंबऱ्याच्या फटीत अडकवून वाकवली, त्यात उंबऱ्याचा एक टवका गेला, तो त्यानं पायपुसणं सरकवून झाकला. शेवटी काळ्या रंगाचा स्प्रे. स्प्रेचा डबा मागल्या वर्षीच्या खिडकीच्या गजांचा, तळाशी आलेला. तो फुसफुस करून संपला आणि मडगार्डची खालची कड तशीच राखाडी राहिली.

आता एवढ्या कडेसाठी नवा डबा कोण आणणार? डासानं शर्टाच्या खिशात हात घातला. लॅबनं दिलेलं मार्कर पेन तिथं होतं, नळ्यांवर नाव घालायचं, पाण्यानं न पुसणाऱ्या शाईचं. त्यानं ती सगळी कड त्या पेनानं काळी केली, अगदी चित्रकलेच्या वहीत बसल्यासारखी जीभ बाहेर काढून. पेन शेवटी कोरडं ओढायला लागलं, पण कड भरली. दुरून बघितलं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

गाडी जोडून झाल्यावर तो चहाचा कप घेऊन तिच्याभोवती कितीतरी वेळ फिरत होता. कापलेला तुकडा बायकोनं कुंडीखाली ताटली म्हणून ठेवून दिला. मेव्हण्याला फोटो पाठवला, त्याचं उत्तर आलं, "आता कशी गाडी वाटते." डासाची छाती दोन इंच फुगली.

दुसऱ्या सकाळी तो नेहमीसारखा निघाला. पहिल्याच घरी मार्कर उमटेना. झटकलं, टोकावर फुंकर मारली, कागदावर घासलं, पण सगळी शाई मडगार्डवर गेलेली. लॅबमध्ये नवं मागायला उलटं जाणं म्हणजे अर्धा तास, आणि लोक उपाशी बसलेले. त्यानं साधं शाईचं पेन काढलं आणि नळ्यांच्या चिकटपट्ट्यांवर त्या दिवशीची सगळी नावं त्याच पेनानं घातली.

त्या फेरीत शीर न सापडणारी दोन माणसं होती. एक गणिताच्या बाई. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, तळमजल्यावर एकट्या राहायच्या, अंगानं काडी, हाताच्या शिरा दोऱ्यासारख्या. लॅबमध्ये फोन करताना त्या सांगायच्या, पाठवायचं असेल तर त्या डासालाच पाठवा. दुसरे कोपऱ्यावरचे टेलरमास्तर. त्यांचे दंड जाडजूड, शिरा खोल बुडालेल्या. मास्तर मशीनवर बसल्या बसल्याच हात पुढे करायचे. त्या दिवशी नळी अर्धी भरली आणि दारात गिऱ्हाईक आलं, तर मास्तरांनी हात ओढून घेतला. दोघांचीही तपासणी एकच, उपाशीपोटीची साखर. दोन्ही नळ्या सारख्या, राखाडी झाकणाच्या. डासानं त्या आपल्या रीतीप्रमाणे बॅगेच्या मागच्या कप्प्यात ठेवल्या.

पाण्याच्या टाकीसमोरचा रस्ता त्या आठवड्यात पाइपसाठी खणला होता. नळ फुटून सगळीकडे पिवळा चिखल. डास रोजच्यासारखा त्यातून गाडी काढून गेला. चाकावरचं पाणी पूर्वी मडगार्डला आपटून खाली पडायचं, आज ते मोकळं सुटलं, सरळ सीटमागच्या बॅगेवर आणि त्याच्या पाठीवर. त्याला ते जाणवलंही नाही. तो लोकांच्या नजरा बघत होता, कुणी गाडीकडे बघतंय का म्हणून.

लॅबच्या मागे गाडी लावून त्यानं कप्पा उघडला. आत पाणी शिरलं होतं. दोन्ही नळ्यांवरच्या चिकटपट्ट्या ओल्या, आणि नावांच्या जागी निळे ओघळ. कुठली बाईंची, कुठली मास्तरांची?

नियम त्याला पाठ होता. नाव वाचता येत नसेल तर नळी टाकायची आणि पुन्हा जाऊन रक्त काढायचं. नवीन पोरांना हा नियम तोच शिकवायचा, तोही बोट वर करून. पण पुन्हा जायचं म्हणजे बाईंच्या दोऱ्याएवढ्या शिरेत पुन्हा सुई. त्या विचारणार, का रे? आणि आपण काय सांगणार? मडगार्ड कापला म्हणून? ताई हसणार, मालक विचारणार, लॅबचं पेन कुठे गेलं. त्यानं दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. एकीत रक्त कमी होतं, एकीत जास्त. बाईंची शीर बारीक, म्हणजे कमी रक्त बाईंचं. हे त्याला इतकं पटलं की त्यानं दोन नव्या पट्ट्या काढल्या, नावं लिहिली आणि चिकटवून टाकली.

ताईंनी नळ्या हातात घेतल्या. "पट्ट्या कोऱ्या करकरीत दिसतात रे."

"ओल्या झाल्या होत्या. बदलल्या."

"बरं," ताई म्हणाल्या. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, कारण पट्ट्या डासानं बदलल्या होत्या. दुसऱ्या कुणी बदलल्या असत्या तर त्यांनी नळ्या तोंडावर फेकल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट वाटायला डासाकडेच आले. वाटताना आकडे बघायची त्याला सवय होती. टेलरमास्तरांची साखर अगदी नॉर्मल. बाईंची भलतीच वाढलेली. मास्तर मागच्याच वेळी सांगत होते, घसा सारखा कोरडा पडतो, तळपायाला मुंग्या येतात, पायाच्या अंगठ्याची जखम भरत नाही. आणि बाई तर चिमणीएवढं खाणाऱ्या. तो लॅबच्या जिन्यातच थांबला. तेव्हा त्याला आठवलं की मास्तरांनी हात ओढून घेतला होता. अर्धी नळी मास्तरांची होती. बाईंची तर शीर पहिल्याच फटक्यात सापडली होती आणि नळी काठापर्यंत भरली होती, आपण त्यावर मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली होती.

 तरी तो खाली उतरला आणि ज्याचं त्याला पाकीट देऊन आला.

बाईंनी चष्मा लावून आकडा वाचला, पुन्हा वाचला. "आकड्याशी वाद घालायचा नसतो, असं मी आयुष्यभर पोरांना सांगितलं," त्या म्हणाल्या. "आता मलाच घालावासा वाटतोय." मग हसल्या, आणि दुपारी डॉक्टरांकडे जाते म्हणाल्या. डास दारात उभा होता. तेव्हाच बोललो असतो तर, असं त्याला पुढे कितीदा वाटलं. पण तो मास्तरांचं पाकीट घेऊन पुढे निघाला. मास्तरांनी तर रिपोर्ट बघून सुनेला दोन चमचे साखर घालून चहा टाकायला सांगितला, आणि डासालाही बळंच बसवलं. 

मनाची समजूत घालायला माणसाला कारणं कमी पडत नाहीत. डॉक्टर पुन्हा तपासणी सांगतीलच, तेव्हा सगळं आपोआप सरळ होईल. कदाचित आपल्यालाच चुकीचं आठवत असेल. डॉक्टरांनी बाईंना गोळ्या सुरू केल्या होत्या, पण गोळ्यांनी असं काय होणार? रोज सकाळी तो बाईंच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी हळू करायचा आणि पुढे निघून जायचा. घरी त्याचं खाण्यात लक्ष नव्हतं. बायको शर्ट धुवायला घ्यायची आणि पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चिखलाचा पट्टा निघायचा. "मागे जाईल म्हणाला होतात," ती एकदा ब्रश घासत म्हणाली. ती शर्टाबद्दल बोलत होती. तो मात्र उठून गॅलरीत गेला आणि कठड्याला धरून उभा राहिला. दिवसभर आपण हा पट्टा घेऊन गावभर हिंडतो, सगळ्यांना दिसतो, आपल्यालाच तेवढा दिसत नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला रडू फुटायचं बाकी राहिलं.

चार-पाच दिवसांनी डॉक्टरांनी खरंच बाईंची पुन्हा तपासणी सांगितली. डास जवळजवळ धावतच गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. बाई खुर्चीत बसल्या होत्या, कपाळावर घाम, हात थरथरत होते, आणि त्यांनी त्याला भलत्याच नावानं हाक मारली. गोळी घेऊन त्या उपाशी बसल्या होत्या. साखर वाढू नये म्हणून रात्रीही अर्धवटच जेवल्या होत्या, शिस्तीच्या बाई ना.

त्यानं सुई काढली नाही. स्वयंपाकघरात शिरून डबे उघडले, साखर सापडली ती पाण्यात ढवळली, बाईंचं डोकं धरून घोट घोट पाजली. शेजारणीला हाक मारून डॉक्टरांना फोन करायला लावला. बाईंची नजर हळूहळू ठिकाणावर आली. त्यांनी त्याला ओळखलं, मग त्याच्या हातातल्या पेल्याकडे बघितलं.

"साखर दिलीस?" त्यांनी विचारलं. "मला?"

डास त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसला. "बाई, तो आकडा तुमचा नव्हता."

आणि त्यानं सगळं सांगितलं. मेव्हणा, बदक, करवत, मार्कर, चिखल, दोन ओल्या पट्ट्या. सांगताना ते त्याला स्वतःलाच फार फालतू वाटत होतं. एका माणसाचा जीव जाता जाता राहिला होता, कारण त्याला गाडी मागून चांगली दिसायला हवी होती. बाईंनी ते मधे न बोलता ऐकलं, वर्गात चुकीचं गणित फळ्यावर पूर्ण होऊ देतात तसं.

"तुला कधी कळलं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी. पाकीट द्यायला आलो तेव्हा माहीत होतं."

हे सांगायची गरज नव्हती. पण ते न सांगता बाकीचं सांगण्यात काही अर्थ नाही, एवढं त्याला त्या क्षणी कळलं होतं. बाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या ओठांवर साखर चिकटली होती.

"मग माझा आकडा कुणाकडे आहे?"

"टेलरमास्तरांकडे."

"तर इथे काय बसलास? त्याला जाऊन सांग."

शेजारीण बाईंजवळ थांबली आणि डास मास्तरांकडे गेला. मास्तर अंगठ्याला चिंधी बांधून मशीन चालवत होते. त्यानं पुन्हा सगळं सांगितलं, पुन्हा रक्त काढलं. या वेळी आकडा मास्तरांचाच होता, आणि बाईंच्या पाकिटात होता त्याच्याही वर गेलेला. मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हातातली शिवण पूर्ण करून म्हणाले, "चला, चार दिवस गोड चहा प्यायलो, तोही तुझ्या कृपेनं." आणि दोरा दातानं तोडला. पुढे त्यांना त्या अंगठ्यासाठी दवाखान्यात राहावं लागलं. अंगठा वाचला, पण डॉक्टर म्हणाले, लवकर आला असतात तर एवढं मांस कापावं लागलं नसतं.

लॅबमध्येही त्यानं सगळं सांगून टाकलं. ताई त्याच्याकडे बघेनाशा झाल्या. मालकांनी फेरी काढून घेतली आणि त्याला आत नळ्या मांडायला बसवलं.  सुट्टीच्या दिवशी त्यानं बायकोकडे कुंडीखालचा तुकडा मागितला. तिनं ताटलीतलं पाणी ओतलं, तुकडा पुसला आणि काही न विचारता आपला पाटही आणून ठेवला. दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना रिबिटा. कापलेलं कधी पूर्वीसारखं जुळत नाही. तुकडा जरा डावीकडे कलला, मधे करवतीएवढी फट राहिली आणि काळ्या मार्करची रेघ त्या फटीच्या काठाला आडवी दिसू लागली. गाडी आता बदकासारखीही दिसत नव्हती, पाय मोडलेल्या बदकासारखी दिसत होती. मेव्हणा आला तेव्हा त्यानं बघितलं आणि तोंड उघडलं, पण बहिणीनं त्याला आत बोलावून घेतलं.

मग एक दिवस ताई त्याच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. बाईंचा फोन आला होता. तपासणी होती, आणि त्या म्हणत होत्या, पाठवायचं असेल तर त्या डासालाच पाठवा. "काय करायचं ते तू ठरव," ताई म्हणाल्या, आणि नवं मार्कर पेन टेबलावर ठेवून गेल्या.

रस्ताभर डासाला भरून येत होतं. बाईंनी माफ केलं, यापलीकडे त्याला काही सुचत नव्हतं. दार बाईंनीच उघडलं. त्या पूर्वीसारख्याच ताठ होत्या, कपाळावर चष्मा. त्या टेबलापाशी बसल्या, बाही वर केली. त्यानं पट्टा काढला, नळी काढली, तशी बाईंनी हात मागे घेतला आणि दुसरा हात त्याच्यापुढे पसरला.

"पेन दे."

त्यानं मार्कर दिलं. बाईंनी रिकामी नळी हातात घेतली, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि फळ्यावर लिहायच्या त्या सरळ, टोकदार अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण. खाली तारीख घातली. शाई वाळेपर्यंत नळी धरून ठेवली, मग अंगठा ओला करून अक्षरांवर फिरवून बघितला. पुसलं गेलं नाही.

"शीर तुलाच सापडते, म्हणून तुला बोलावते," त्या म्हणाल्या. "नाव मात्र आता मी लिहीन."

डासानं मान हलवली.  बाईंनी हात पुढे केला, त्यानं पट्टा बांधला, आणि शीर पहिल्याच वेळी सापडली. नळी काठापर्यंत भरली.

आता पुष्कळ दिवस झाले. डास पुन्हा फेरीवर असतो. कुठल्याही घरी गेला की सुईच्या आधी तो खिशातून पेन काढतो आणि समोरच्या माणसापुढे धरतो. लोकांना वाटतं, लॅबनं काही नवा नियम काढला असेल. बरेच जण घाईत गिचमिड करतात. टेलरमास्तर मात्र फार सावकाश लिहितात, मशीन थांबवून, एकेक अक्षर जोडत, आणि डास खाली त्यांच्या पायाकडे न बघता ते संपेपर्यंत उभा राहतो.